मंगळवारचा अनध्याय

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या दरबाराने मिरजेपासून कोल्हापुरापर्यंतचा लोहमार्ग स्वतःच्या खजिन्यातून बांधावयास घेतला तो १८८८ साली. अल्पवयीन शाहू छत्रपतींच्या हस्ते कामाचा आरंभ झाला आणि १८९१ साली मार्ग रहदारीस खुला झाला. रूळ दरबाराचे असले तरी त्यांवरून धावणारी एंजिने, डबे आणि ती चालविणारी माणसे मात्र सदर्न मराठा रेल्वे कंपनीची होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानात नसते. आपल्या मालकीच्या रुळांवर संस्थानाने दुसऱ्याच्या गाड्या का चालू द्याव्यात, असा प्रश्न एखाद्या अभिमानी प्रजाजनास पडणे स्वाभाविक होते. पण त्याचे उत्तर जमाखर्चात आहे. मार्ग अवघा एकोणतीस मैलांचा. तेवढ्यासाठी दरबाराने स्वतंत्र एंजिन घेतले असते, तर ते मिरजेस पोचल्यावर पुढे स्वतःची वाट नाही म्हणून वाफ धरून उभे राहिले असते आणि परतल्यावर कोल्हापुरास पुन्हा उभे राहिले असते. तेच एंजिन आणि तेच डबे बेळगाव-हुबळीच्या मोठ्या व्यवहारात मिसळून गेले, म्हणजे ते दिवसभर कोठे ना कोठे लोकांच्या उपयोगी पडत. उभे राहणे महाग आणि धावणे स्वस्त, हा आगगाडीच्या अर्थकारणातील पहिला सिद्धांत करवीरच्या कारभाऱ्यांना त्या लहानशा मार्गाने शिकविला असला पाहिजे.

हा सिद्धांत थोडा उलगडून पाहणे इष्ट आहे, कारण पुढील सर्व विचार त्यावर उभा आहे. गाडीला लागणारा खर्च दोन जातींचा असतो. एक खर्च गाडी धावली म्हणजेच होतो: वीज, तेल, चाकांची झीज. दुसरा खर्च गाडी धावो अथवा न धावो, होतच राहतो: डब्यांत गुंतलेल्या मुद्दलावरचे व्याज, ऊनपावसाने व नुसत्या काळाच्या ओघाने होणारा घसारा, स्टेशने, सिग्नल, आणि उन्हातान्हात रुळांची राखण करणाऱ्या गँगमनांचे पगार. ही दुसरी जात आगगाडीच्या धंद्यात फार मोठी आहे. म्हणूनच एकाच डब्याने जितके अधिक मैल काटावेत तितका तो न चुकणारा खर्च अधिक उतारूंत वाटला जातो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. त्यातून आपल्या देशातील उतारू भाड्याच्या रूपाने गाडीचा पुरता खर्च देत नाही. सरासरीने सत्तावन्न टक्के खर्च तेवढा भाड्यातून वसूल होतो, असे रेल्वे गेली काही वर्षे तिकिटावरच छापते. उरलेला भार सार्वजनिक तिजोरी आणि मालवाहतुकीचे उत्पन्न उचलते. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी आगगाडीत पाऊल ठेवले नाही असाही मनुष्य त्या डब्याच्या मालकीत भागीदार आहे. अशा परिस्थितीत यार्डात निष्कारण उभा असलेला डबा हा केवळ हिशेबातील तोटा राहत नाही. तो दुसऱ्याच्या ठेवीचा अपव्यय ठरतो, आणि ठेवीचा अपव्यय हे आपल्या धर्मशास्त्राने नेहमीच पातक मानलेले आहे.

कोल्हापूरच्या उतारूंना या तत्त्वाचे सर्वांत सुंदर उदाहरण त्यांच्या रोजच्या परिचयाच्या दोन गाड्यांत सापडेल. मुंबईहून रात्रभर धावून सकाळी येथे पोचणारी महालक्ष्मी एक्सप्रेस आणि येथून तिरुपतीस जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस या दोन्हींसाठी बरीच वर्षे डब्यांचे तेच संच आळीपाळीने फिरविले गेले आहेत. सकाळी मुंबईचे उतारू उतरतात, डबे झाडून धुतले जातात, पाणी भरले जाते, आणि दुपारच्या सुमारास त्याच बाकांवर बालाजीच्या यात्रेकरूंची पथारी पडून गाडी मिरज, बेळगाव, हुबळी, गुंतकल अशी दक्षिणेस चालू लागते. भृगूच्या लत्ताप्रहाराने रुष्ट झालेली लक्ष्मी, म्हणजेच येथील अंबाबाई, वैकुंठ सोडून करवीरास आली, अशी कथा आहे. तिरुपतीची यात्रा अंबाबाईच्या दर्शनावाचून पुरी होत नाही, अशी लोकसमजूत आहे. आणि नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून देवीस मानाचा शालू येतो, हा तर चालू रिवाज आहे. या दोन क्षेत्रांना जोडणाऱ्या गाडीचे डबे दिवसभर येथे रिकामे ठेवले असते, तर व्याज बुडाले असते ते बुडालेच असते, आणि कित्येक गरीब यात्रेकरूंची जागाही बुडाली असती. डबा न थांबविण्यात जमाखर्च आणि पुण्य यांचे येथे पूर्ण ऐक्य झालेले आहे.

अखंड उपयोगाची ही कल्पना आपल्या विचारपरंपरेला परकी नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त, ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, ते लोकसंग्रहासाठी आमरण करीत राहिले पाहिजे, असा जो पक्ष मांडला, त्याने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांचे मन घडविले, आणि ज्यांना रिकामा बसलेला मनुष्य, पडीक शेत वा बंद वाचनालय पाहून खरोखर अस्वस्थ वाटते, अशी माणसे या भागात पुष्कळ निपजली, त्याचे श्रेय त्या शिकवणीला काही अंशी दिलेच पाहिजे. मीही त्याच मताचा आहे. परंतु येथेच एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. कर्मयोगाची अखंडता आणि खतावणीची अखंडता या एकच आहेत काय? खतावणीच्या दृष्टीने गाडीचे थांबणे हे नेहमीच नावे पडते, जमा कधीच पडत नाही. म्हणून तिच्या तर्काला स्वतःहून कोठे शेवट नाही. बारा तासांचे चौदा करा, चौदाचे अठरा करा, रात्रीचा थांबा तोडा, आठवड्याचा थांबा तोडा, असे ती सांगतच राहणार. धर्माने अशा वेळी तिला काय सांगावे?

प्रश्नाला मूर्त स्वरूप देण्यासाठी अगदी अलीकडचे उदाहरण घेऊ. १६ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्हापूर आणि पुणे यांच्या दरम्यान वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. तीच तारीख हुबळी-पुणे वंदे भारतचीही होती. दोन्ही गाड्या आठवड्यातून तीन-तीन दिवसांच्या, आणि दोन्ही नगरांत ‘आम्हांला रोज का नाही’ ही कुरकुर आरंभापासून चालू आहे. परंतु सुरुवातीचे वेळापत्रक शेजारी ठेवून वाचले तर दिसते की, या दोन गाड्या म्हणजे वस्तुतः आठ डब्यांचा एकच संच. बुधवारी पहाटे पाचला तो हुबळीहून निघतो, दुपारी दीडला पुण्यास पोचतो, पाऊण तासात तेथून दुसऱ्या गाडीच्या नावाने निघून सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी कोल्हापुरास येतो. गुरुवारी सकाळी सव्वाआठला येथून निघून पुण्यामार्गे रात्री पावणेअकराला हुबळीस परततो, आणि सव्वासहा तासांत, शुक्रवारी पहाटे पाचला, पुन्हा निघतो. शुक्रवार-शनिवार आणि रविवार-सोमवार हीच आवर्तने. एका आवर्तनात सुमारे अठराशे किलोमीटर, सहा दिवसांत पाच हजारांहून अधिक. सोमवारी रात्री पावणेअकरापासून बुधवारी पहाटे पाचपर्यंत, म्हणजे सव्वातीस तास, मात्र तो कोठेही जात नाही. मंगळवार हा त्याचा थांबण्याचा दिवस.

या मांडणीकडे मी कारागिरीच्या एका उत्कृष्ट कामाकडे पाहावे तसा पाहत आलो आहे, कारण एका संचात दोन राज्यांतील दोन नगरांची सोय लावण्यात कोणा वेळापत्रकाराने मिनिटामिनिटांचा विचार केलेला आहे. पण ‘रोज गाडी’ मागणाऱ्यांची नजर प्रथम त्या मंगळवारावरच जाते. संच मोकळा आहे, उतारू तयार आहेत, आणि व्याज चढत आहे. मग त्या दिवशी तो का धावू नये?

याचे उत्तर धातूच्या स्वभावात काही अंशी दडलेले आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आस मोडला आणि जळत्या डब्यांत पन्नासांहून अधिक उतारू प्राणास मुकले. आस पुरेसा जाड होता, त्यावरचा भारही तो तोडण्याइतका नव्हता; तरी तो मोडला. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून सिद्ध केले की, एकदाच दिलेल्या भाराने जे लोखंड कधी मोडणार नाही, तेच लोखंड त्याहून पुष्कळ हलका भार लक्षावधी वेळा उलटसुलट पडल्याने आतून चिरत जाते. लोखंडही थकते. परंतु जनावराच्या आणि माणसाच्या थकव्याहून त्याचा थकवा निराळा आहे, आणि हा भेद माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. बेंदराच्या दिवशी आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. बैल गोठ्यात उभा राहिला, चारा खाल्ला, रवंथ केला की दुसऱ्या दिवशी ताजा होतो, कारण त्याचे शरीर त्याला आतून दुरुस्त करते. लोखंडाला ती देणगी नाही. आस दहा दिवस उभा ठेवला तरी त्यातील चीर मिटत नाही. ती चीर कोणीतरी पाहावी लागते, मापावी लागते, आणि वेळ आली की तो आस काढून दुसरा बसवावा लागतो. म्हणजे डब्याला झोपेचा काही उपयोग नाही. त्याला सेवा हवी असते, आणि त्याची सेवा करणारे हात धावत्या चाकापर्यंत पोचू शकत नाहीत.

हे हात कसे काम करतात हे मोठ्या स्टेशनात उभे राहून ज्याने पाहिले असेल त्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. गाडी फलाटात शिरत असता, उतारूंची आणि हमालांची नजर दरवाजांकडे लागलेली असता, फलाटाच्या पार टोकाला रुळांच्या दोन्ही बाजूंस एकेक माणूस उकिडवा बसलेला असतो. त्याचे लक्ष दरवाजांकडे नसते, खिडक्यांकडेही नसते; ते चाकांच्या पातळीवर खिळलेले असते. एखादी साखळी लोंबते आहे काय, एखादी स्प्रिंग बसली आहे काय, हे तो पाहतो आणि त्याहून अधिक ऐकतो. कारण ब्रेक आवळून घासल्याने ज्या चाकाची गोलाई एका जागी गेली आहे, ते चाक दर फेऱ्याला ठराविक ठेक्याने ‘ठक्’ असा आवाज देते. गाडी थांबल्यावर तो प्रत्येक आसपेटीपाशी जातो. पूर्वी तीवर हाताचा पालथा भाग टेकवून ऊब पाहत, आता उष्णता मोजणारे यंत्र रोखतात. पुढचे काम पिट लाइनवर. तेथे रुळांमधील खंदकात उतरून माणूस डब्याखाली ताठ उभा राहतो, आणि एरवी कोणालाच न दिसणारी डब्याची खालची बाजू विजेच्या दिव्यात इंचाइंचाने तपासतो. याहूनही खोल दुरुस्ती ठराविक मुदतीने माटुंगा वा हुबळीसारख्या कारखान्यात होते, जेथे चाके, आस, बोगी सर्व सुटे केले जाते. हा सर्व उद्योग गाडी उभी असते तेव्हाच चालतो. उतारूच्या दृष्टीने जो वेळ रिकामा, तो या माणसांचा कामाचा वेळ होय. आणि खतावणीने तो ‘उभा’ म्हणून नावे टाकला, तर तिने या माणसांचे कामच अमान्य केले, असा त्याचा अर्थ होतो.

हीच गोष्ट पंढरपूरच्या देवस्थानाने फार पूर्वी ओळखून तिला विधीचे रूप दिलेले आहे. एरवी विठोबाची शेजारती होते, देव पलंगावर विसावतो, पहाटे काकडआरतीने उठतो. आषाढी आणि कार्तिकी जवळ आली, लक्षावधी वारकरी वाटेला लागले, की देवाचा पलंग काढतात. तेव्हापासून देव निद्रा घेत नाही, रात्रंदिवस दर्शन चालू राहते, आणि उभ्या देवाच्या पाठीला टेकू म्हणून मऊ लोड लावतात. अखंड उपयोगाचा याहून उदात्त नमुना मला ठाऊक नाही: दूरदूरहून पायी आलेल्या मनुष्यास दाराशी ‘देव निजले आहेत’ असे सांगावयाचे नाही, हा तो निश्चय. पण विधी येथे संपत नाही. यात्रा सरली, गर्दी ओसरली, की प्रक्षाळपूजा होते. देवाला स्नान घालतात, मंदिर धुतात, पलंग परत आणतात, आणि शिणवटा जावा म्हणून औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवितात. वेदान्ती म्हणेल की परब्रह्माला शीण कसला. आणि निर्गुणाच्या भूमिकेवरून ते खरेच आहे. परंतु जे रूप विटेवर उभे राहून लोकांच्या उपयोगी पडते, त्याचा शीण मान्य करणे हा भक्तीचा भाग आहे, असे वारकरी संप्रदायाने ठरविले. पलंग काढण्याची तिथी ठरलेली, तशीच काढ्याचीही ठरलेली. पहिलीचे उल्लंघन जितके अशक्य तितकेच दुसरीचे. यात्रा आणखी लांबवावी, उत्पन्न वाढेल, म्हणून प्रक्षाळ रद्द करा, असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही.

माणसांविषयीही आमच्या परंपरेचा निवाडा तितकाच स्पष्ट आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवीत नाहीत. परंतु ती एकाच गळ्यात सात दिवस असते असे नाही. पहारे लावलेले असतात, एकाचा पहारा संपला की दुसरा नमस्कार करून वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि पहिला घरी जाऊन झोपतो, त्याच्या झोपेने नाम खंडित झाले असे कोणी मानीत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीचे चालक वाटेत मिरजेसारख्या ठिकाणी बदलतात ते याच न्यायाने. आणि जेथे पहारा लांबविला जातो, जागरणाने डोळे मिटू लागलेल्या माणसाला ‘आणखी एक फेरी’ म्हणून पाठविले जाते, तेथे अखंडतेचे रूपांतर हिंसेत होते. मुंबईच्या गिरण्यांत बारा-बारा तास राबणाऱ्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारच्या सुटीची मागणी केली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, हे त्यांनी आवर्जून पुढे केले. आणि १८९० साली ती सुटी मिळाली. गिरणीच्या चात्यांनाही धावत राहण्याचे अर्थशास्त्र लागूच होते. लोखंड्यांनी त्याच्यापुढे देव उभा केला, हे मला त्यांच्या सर्व कर्तृत्वात विशेष अर्थपूर्ण वाटते.

मात्र थांबणे म्हणजे विश्रांती, असे सरसकट धरणेही चूक होईल. मार्च २०२० च्या अखेरीस देशातील सर्व प्रवासी गाड्या थांबल्या. अंबाबाईच्या मंदिराचे दरवाजे भाविकांस बंद झाले, आणि त्या वर्षी आषाढीस संतांच्या पादुका एस.टी. बसने पंढरपुरास गेल्या. कित्येक महिने उभ्या राहिलेल्या डब्यांना त्या थांबण्याने कोणतेही बळ आले नाही. डबा नुसता उभा ठेवला की बॅटऱ्या उतरतात, रबरी नळ्या कडक होतात, चाकांवर गंज चढतो. कोल्हापूरची सह्याद्री एक्सप्रेस तर त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ परतलीच नाही, आणि परतली ती मुंबईपर्यंत नव्हे, पुण्यापर्यंतच. जेथे कोणी हात लावीत नाही ते थांबणे म्हणजे परित्याग. देवळातील मूर्तीची पूजाअर्चा त्या काळातही चालू होती आणि यार्डातील डबा नुसता उभा होता, एवढ्यात सर्व भेद आला.

वेदाध्ययनासारख्या परम पवित्र कर्मालाही आमच्या शास्त्रकारांनी अनध्यायाचे दिवस लावून दिले: प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पर्वदिवस. त्या दिवशी नवा पाठ नाही. पण नित्य स्वाध्याय आणि होमाचे मंत्र यांना अनध्याय नाही, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे पाठ थांबला तरी निष्ठा थांबत नाही, ती फक्त दुसऱ्या कामाकडे वळते. मंगळवारी त्या आठ डब्यांची तपासणी आणि दुरुस्ती करणारे हात हे त्या संचाचा नित्य स्वाध्याय चालवीत असतात. आणि बुधवारी पहाटे पाचला निघणाऱ्या उतारूच्या जिवाची हमी त्या स्वाध्यायात आहे. लोकसंग्रहाच्या हिशेबात मंगळवार जमेस धरला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

म्हणून कोल्हापूरच्या नागरिकांस आणि त्यांच्या वतीने दिल्लीस निवेदने पाठविणाऱ्या प्रतिनिधींस माझी विनंती आहे. रोजच्या गाडीची मागणी न्याय्य आहे, ती सोडू नका. हुबळीकरांचीही तितकीच न्याय्य आहे, आणि त्यांच्या तीन दिवसांवर आपण डोळा ठेवणे शोभणार नाही. मागणी करावयाची ती दुसऱ्या संचाची करा, त्यासाठी लागणाऱ्या पिट लाइनची करा, आणि तीवर काम करणाऱ्या माणसांची संख्या वाढविण्याची करा. निवेदनात हे तिन्ही मुद्दे स्पष्ट लिहा, आणि मंगळवार मागू नका.